कन्हार मातीतली रताळी

आमच्या गावची माती कन्हार. काळी, चिवट, आणि स्वभावाने अगदी माझ्यासारखी, असं माझ्या बायकोचं मत आहे. पावसाळ्यात ही माती पायातली चप्पल ओढून घेते आणि परत देत नाही. उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडतात की एकदा गोठ्याची किल्ली भेगेत पडली ती गेलीच, कुलूप फोडावं लागलं. धानाला मात्र यासारखी माती नाही. चारी बाजूंनी धुरे, म्हणजे मातीचे बांध, घालून पाणी अडवलं की धानाची बांधी तयार, आणि एकदा अडवलेलं पाणी कन्हार सहसा सोडत नाही. धान कापायच्या आधी उभ्या पिकातल्या चिखलात लाखोरीचं कडधान्य नुसतं फेकून दिलं तरी नांगर न लागता उगवतं. त्यामुळे आमच्या गावात या मातीला कोणी नावं ठेवत नाही. माझी बायको सोडून.

ती चिखला गावची. तिचे वडील तिथल्या मॅंगनीजच्या खाणीत होते. खाणीच्या वसाहतीतल्या त्यांच्या क्वार्टरमागे लाल, मुरमाड, भुसभुशीत जमीन होती आणि त्यात ते दरवर्षी रताळी लावायचे. शिवरात्रीला अख्ख्या ओळीत त्यांच्या घरची रताळी वाटली जायची. लग्न होऊन आमच्याकडे आली तेव्हा पहिल्याच पावसाळ्यात माहेराहून ती रताळ्याचे वेल घेऊन आली आणि घरामागच्या वाडीत लावले. शिवरात्रीला खणायला बसली, तर माती दगड झालेली. सब्बल, म्हणजे पहार, लावावी लागली. सब्बलीने जे वर आलं ते करंगळीएवढं, आणि तेही दोन तुकड्यांत.

“याले रताळं म्हनाव का दातून?” मी विचारलं होतं.

ती म्हणाली, “तुमच्या गावची माती तुमच्यासारखीच हाय. जे भेटलं ते घट्ट धरून बसते, देत काहीच नाही.”

पुढे बरीच वर्षं तिने हट्ट सोडला नाही. दर वर्षी वेल यायचे, दर वर्षी दात घासायच्या काड्या निघायच्या, आणि दर वर्षी मी तोच विनोद करायचो. शेवटी तिने तेलाच्या रिकाम्या डब्यांत तुळस आणि झेंडू लावले आणि वाडीकडे पाठ फिरवली. वाडीत मग गवत वाढलं. मी धानात गुंतलेलो, मला त्याचं काही वाटलं नाही.

आता ती पुण्याला आहे. सुनेच्या बाळंतपणाला गेली, चार महिन्यांसाठी. मग सुनेची सुट्टी संपली. मग नातवाला दात येऊ लागले, मग तो रांगायला लागला, मग चालायला लागला आणि त्याच्यामागे धावायला माणूस हवं झालं. चार महिने काही संपले नाहीत. दोष कोणाचाच नाही. मुलगा नोकरी करतो, सून नोकरी करते, लेकराला सांभाळायला घरचं माणूस असलं की त्यांच्या जिवाला बरं वाटतं. मला हे सगळं कळतं. कळतं म्हणूनच बोलायची सोय राहिलेली नाही.

ती गेली त्या सुमारास माझ्या गुडघ्यांनी राम म्हटला. चिखलात उतरलो की वर येता येईना. मग शेत ठेक्याने दिलं. बी.ए. झालेलो, नोकरी लागली नाही, जन्मभर धान केलं; आता धानही दुसऱ्याच्या हातात. सकाळी उठून धुऱ्यावर जायचं कारण संपलं. एवढ्या मोठ्या दिवसाचं करायचं काय, हा प्रश्न मला त्या वयात पहिल्यांदा पडला.

एकट्या माणसाचं घर कसं असतं ते सांगतो. दोघांच्या कुकरमध्ये एकट्याचा भात लावला की तो नेहमी उरतो. कमी टाकायचा म्हटलं तर हात ऐकत नाही. उरलेला भात शेजारच्या वहिनींच्या कोंबड्यांना जातो. त्या कोंबड्या मला पाहिलं की धावत येतात, आणि दिवसभरात माझ्याकडे धावत येणारं तेवढंच. दुपारी कधी कोणी दारातून हाक मारली तर ओ देताना आवाज फुटत नाही, कारण सकाळपासून तो वापरलेलाच नसतो. टीव्ही लावून ठेवतो. पाहत नाही, पण घरात कोणीतरी बोलत असावं म्हणून.

संध्याकाळी फोन येतो. रोज येतो, त्यात खंड नाही.

“का करून राहिले जी?”

“काही नाही. बसलो.”

“जेवले?”

“हाव.”

“बरं हाय ना?”

“बरं हाय. तुह्यं?”

“बरं हाय.”

मग ती व्हिडिओ लावून फोन नातवासमोर धरते, तो फोन चाटतो, मला थोडा वेळ त्याची जीभ दिसते आणि फोन बंद होतो. असा आमचा संसार चालला होता.

नातू चालायला लागला त्या वर्षी आषाढी एकादशीला मुलगाच फोनवर आला. म्हणाला, “बाबा, घराले कुलूप लावा आन् या इकडे. शेत त दिलंच ठेक्यानं. आता तिथं हाय कोन?”

तिथं मी आहे, असं मला म्हणायचं होतं. पुण्याला मी एकदा जाऊन आलो होतो. गॅलरीतून खाली पाहिलं की डोकं गरगरायचं, आणि पायाला लागायला माती म्हणाल तर कुंडीतली. सगळे कामाला गेले की ती नातवाला घेऊन आत आणि मी बाहेरच्या खोलीत, पाहुण्यासारखा सोफ्याच्या कडेवर. मी मुलाला नाही म्हटलं, आणि जरा जोरातच म्हटलं. मग बायकोने फोन घेतला आणि काहीतरी बोलायचं म्हणून उपासाचं बोलली.

“इथचे रताळे निस्ते चकचकीत. धुतलेले. खाल्ले त पान्यावानी लागतेत.”

मला काय झालं कोण जाणे. मी म्हटलं, “शिवरातीले घरी ये. आपल्या वाडीतले खाऊ.”

ती हसली. बऱ्याच दिवसांनी तिचं असं मोकळं हसू ऐकलं. “आपल्या वाडीत? त्या कन्हारात?”

“हाव.”

“निंघाले त येईन,” ती म्हणाली, आणि तिकडे नातू रडायला लागला म्हणून फोन ठेवला.

तिने गंमत केली होती. मी ती गंमत धरून बसलो. वाडीत रताळी निघाली तर ती येणार होती. त्या दिवसापासून मला दुसरं काही दिसेना.

आता मी काय केलं ते सांगतो, हसायचं असेल तर हसून घ्या. मी जन्माचा धानवाला. जमीन म्हटली की मला एकच गोष्ट येते. दुसऱ्या दिवशी फावडं घेतलं आणि वाडीच्या चारी बाजूंनी सुरेख धुरा घातला, थापून गुळगुळीत केला. पावसाने आत पाणी साचलं. मग गुडघ्यांची पर्वा न करता त्यात उतरलो आणि पायांनी चिखलणी केली. माती अशी मऊ झाली की बोट घातलं तर तळ लागू नये. कितीतरी दिवसांनी मी खूश होतो. मोहाडीच्या बाजारातल्या ओळखीच्या भाजीवालीला सांगून वेल मागवले, आणि वाकून, मागे मागे सरकत, अंगठ्याने दाबत, धानाची रोपं रोवतात तसे एका ओळीत ते रोवले.

शेजारच्या वहिनी कुंपणापाशी उभ्या राहून पाहत होत्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, लेकी सासरी, त्याही एकट्याच. म्हणाल्या, “भाऊजी, रताळे लावले का रोवना केला?”

“पान्याबिगर होते काय वैनी काही?”

“पाह्यजा बाप्पा,” म्हणाल्या आणि कोंबड्यांकडे वळल्या.

थोड्याच दिवसांत वेल सडले. नुसते सडले नाहीत, वासही सुटला, नाली तुंबल्यासारखा. मी चिडलो. वेलांवर चिडलो, भाजीवालीवर चिडलो, आणि संध्याकाळी नेहमीसारखं “बरं हाय, बसलो” असं सांगितलं.

मग मला अक्कल सुचली की दोष चिकटपणाचा आहे, तर चिकटपणा मोडायचा. उघडीप मिळाली तशी वाडीचा अर्धा भाग घेतला, बैलगाडीने नाल्याची रेती आणून त्या ओल्या मातीत कालवली. अंग मोडून कालवली. वर चांगलं ऊन पडलं. आमच्या घराचा ओटा बांधला तेव्हा गवंड्याला जो गिलावा साधला नव्हता तो मला वाडीत साधला. कुदळ मारली तर कुदळ उडून मागे आली.

“भाऊजी, ओटा बांधला का?” वहिनींनी विचारलं. मी कुदळ भिंतीला टेकवली आणि आत गेलो. माझं तोंड पाहून त्यांनी दुपारी वाटीभर भाजी आणून दिली. रताळी कोणासाठी चालली आहेत हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. पण बहुतेक त्यांना ते कळलं होतं.

त्या संध्याकाळी मी सगळं सोडून द्यायचं ठरवलं होतं. फोन आला. नातवाला ताप होता, ती घाईत होती. “बरं हाय ना?” एवढंच विचारलं. तेव्हा एक वाक्य माझ्या दातांपर्यंत आलं. मले करमत नाही. आलं आणि परत गेलं. आमच्या घरात कोणा पुरुषाने हे म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही. भूक लागली म्हणतात, पाय दुखून राहिले म्हणतात, बैल आजारी आहे म्हणतात. करमत नाही हे आमच्याकडे लेकी माहेरी आल्यावर आईजवळ म्हणतात. मी “बरं हाय” म्हटलं. तिने फोन ठेवला.

पोळा झाला आणि पाऊस पुन्हा लागला. वाडीत घोट्यापर्यंत पाणी साचलं. दुपारी उगाच जाऊन उभा राहिलो, तर जिथे रेती घातली नव्हती त्या कोपऱ्यात एक वेल जिवंत दिसला. एकच. चार हिरवी पानं धरून धुऱ्याच्या अगदी कडेला होता. आणि त्याच्याजवळच धुऱ्यात खेकड्याने बीळ पाडलेलं. त्या बिळातून पाण्याची बारीक धार बाहेर निघून चालली होती.

माझ्या हातांनी मला विचारलंच नाही. खाली वाकलो, चिखलाचा गोळा केला, बिळात ठोसला, वर टाच मारली आणि बीळ बंद. जन्मभर हेच केलेलं. सकाळी धुऱ्यावर फिरायचं, खेकड्याची बिळं शोधायची आणि बुजवायची, कारण एक बीळ राहिलं तर सकाळपर्यंत बांधी कोरडी. घरात येऊन चहा केला. काहीतरी काम केल्यासारखं वाटलं.

दोन-तीन दिवसांनी पाहिलं तर त्या वेलाची पानं पिवळी पडायला लागली होती. मी तिथेच उकिडवा बसलो, गुडघे दुखत असताना बसलो, आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. बाकीचे सगळे वेल मी सांभाळलेल्या पाण्यात मेले होते. हा एक वाचला होता तो खेकड्यामुळे, आणि पाणी निघायची ती वाटही मी टाच मारून बंद केली होती.

मी हाताने तो गोळा उकरून काढला. पाणी चालू झालं. मग फावडं आणलं आणि उताराच्या बाजूचा धुरा फोडायला घेतला. हे लिहायला सोपं आहे. धानाच्या माणसाला धुरा फोडणं जमत नाही. दुसऱ्याने धुरा फोडला म्हणून आमच्या गावात डोकी फुटलेली आहेत, आणि मी माझाच फोडत होतो. पाणी गढूळ होऊन गल्लीच्या नालीकडे निघालं आणि मी पाहत राहिलो. वहिनी त्यांच्या दारात येऊन उभ्या होत्या.

पाऊस सरल्यावर मी थांबलो. कापूसवाल्या पाहुण्यांच्या तोंडी एक शब्द नेहमी ऐकायचो, वाफसा. जमीन ओलीही नाही आणि वाळलेलीही नाही, हात लावायला राजी असते, ती वेळ. आम्हा धानवाल्यांना तो शब्द लागत नाही. आम्ही चिखलातच काम करतो, चिखल होत नसेल तर करतो. कन्हार मातीत वाफसा आला कधी आणि गेला कधी पत्ता लागत नाही. आज चिकटते, परवा दगड होते, मधला काय तो एखादा दिवस. मी रोज सकाळी वाडीत जाऊन मूठभर माती दाबायचो आणि खाली सोडायचो. लाडू तसाच राहिला की परत घरात. वाट पाहण्याचं काम मला तेव्हा चांगलंच यायला लागलं होतं. शेवटी एक दिवस लाडू पडला आणि फुटला.

त्या दिवशी जेवण केलं नाही. आदल्या आठवड्यात सब्बलीने तो रेतीचा ओटा फोडून खपल्या बाहेर टाकल्या होत्याच. आता उरलेल्या मातीचे वरंबे ओढले, गुडघ्याइतके उंच, मध्ये पाणी जायला सरी. त्यात वहिनींच्या उकिरड्याचं जुनं शेणखत घातलं, आंब्याखालचा कुजलेला पाला घातला. तुमसरला ज्या राइस मिलमध्ये मी धान विकत असे तिथून धानाचा अर्धवट जळालेला काळा भुसा आधीच आणून ठेवला होता. मिलमध्ये त्याचे ढीग पडलेले असतात, कोणी नेलं तर त्यांना बरंच वाटतं. टेम्पोत पोत्यांवर बसून, भुशाने काळाठिक्कर होऊन गावात आलो तेव्हा लोकांनी मला आधी ओळखलं नव्हतं. तोही सगळा मातीत गेला. माती हळूहळू हातातून सुटी व्हायला लागली.

वेल आणायला मी चिखल्याला गेलो. सासरे केव्हाच गेले, क्वार्टर सुटली, पण साळ्याने घर बांधलं तेव्हा तोच वेल त्याच्या अंगणात आणून लावला होता. साळा वेल कापत होता. त्याने सहज बहिणीचं विचारलं, “बाई कधी येनार हाय जी, जवाईबुवा?”

“शिवरातीले,” मी म्हटलं.

बोलून गेलो आणि मग भान आलं. आतापर्यंत हे फक्त माझ्या मनात होतं. साळ्याची बायको माझ्याकडे पाहून चहा टाकायला आत गेली. मी अंगणातली मूठभर माती उचलली. लाल, हलकी, बोटांच्या फटींतून आपोआप खाली गळणारी. मनात आलं, ही बाई या मातीतून उठून आमच्या चिखलात आली आणि जन्म काढला. तक्रार केली ती मातीचीच केली, माझी नाही. मला वाईट वाटलं. वेल ओल्या पोत्यात गुंडाळून मी बसने परत आलो, पूर्ण रस्ता पोतं मांडीवर.

दसऱ्यानंतर लावले. वरून धानाची तणस, म्हणजे पेंढा, पसरली. पाणी दिलं ते मोजकंच आणि सरीतून, आणि ते निघून जातं की नाही हे उभं राहून पाहिलं. वाचलेला तो एक वेलही एका वरंब्याच्या टोकाला लावला. वेल धरले. फोनवर मी काहीच सांगितलं नाही. सांगितलं आणि निघाली नाहीत तर काय, ही भीती होती. “का करून राहिले जी?” “बसलो.”

दिवाळीला ते सगळे येणार होते. गाडीची तिकिटं मिळाली नाहीत. मुलाने खूप वाईट वाटून घेतलं, मी त्यालाच समजावलं. लक्ष्मीपूजनाला दारात दिवे लावले आणि एक दिवा वाडीत वरंब्यावर ठेवून आलो. वहिनींनी चिवडा पाठवला. समोरच्या घरी लेकी-जावई आलेले, अंगणात हसणं चाललेलं. मी दार लोटून घेतलं. त्या एका दिवसाइतकं एकटं मला आयुष्यात वाटलेलं नाही, बाप गेला त्या दिवशीसुद्धा नाही; त्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं.

माघात वरंब्यांना भेगा पडायला लागल्या. आता भेग म्हटलं की मला एकच कळतं, माती तहानली. पाणी द्यायला धावलो आणि बादली हातात घेऊन थांबलो. सासऱ्यांचं बोलणं आठवलं, रताळं आत फुगलं की माती वरून उलते. तर ही भेग तहानेची की रताळ्याची? तहानेची असेल आणि पाणी दिलं नाही तर वेल जाणार. रताळ्याची असेल आणि पाणी तुंबलं तर रताळी सडणार. रोज तीच भेग पाहत होतो. माझी वाडीत ये-जा पाहून वहिनींच्या कोंबड्याही कंटाळल्या असतील. शेवटी एका दुपारी राहवलं नाही. भेगेत बोटं घातली. आत काहीतरी गार, गोल, भरलेलं लागलं. माझ्या मनगटाएवढं. मी हात बाहेर काढला आणि तिथेच बसलो. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू.

एक खणून काढलं, मातीसकट फोटो काढून मुलाच्या फोनवर पाठवला. संध्याकाळी तिचा आवाज वेगळाच होता.

“बाजारातून आनलं असंन.”

“येऊन पाह्य.”

तिने नातवाला खाली उतरवलं. मग म्हणाली, “येईन म्हटलं होतं मी. येईन.”

मुलाने आठवडाभराची सुट्टी काढून नातवाला सांभाळायचं घेतलं आणि तिला पुण्याला गाडीत बसवून दिलं, मी तुमसर रोड स्टेशनवर घ्यायला गेलो. केस जास्त पांढरे झालेले, चेहरा उतरलेला, पण चाल तीच. घरात शिरली तशी आधी स्वयंपाकघरात गेली, डबे उघडून पाहिले, कुकर पाहिला, माझे वाळत घातलेले कपडे पाहिले, मग वाडीत आली. वरंब्यांपुढे उभी राहिली. वाकून मूठभर माती घेतली, दाबली, सोडली. मग पदर खोचून खणायला बसली. सब्बल लागली नाही. काही रताळी वाकडी होती, एकाला चक्क दोन पाय होते, पण भरलेली होती. वहिनी आल्या, टोपली भरेपर्यंत दोघींचं बोलणं संपलं नाही. मी ओट्यावर बसून ऐकत होतो. शिवरात्रीला रताळी उकडली. कुकरमधला भात त्या दिवसांत एकदाही उरला नाही.

जायच्या आदल्या दिवशी ती पुण्यासाठी पिशवीत रताळी भरत होती. भरता भरता समाधानाने म्हणाली, “मले तिकडे रोज घोर लागून राहे. मानूस जेवते का नाही, दिवसभर करते का. आता घोर गेला. एवढं सारं केलं तुमी एकट्यानं, म्हनजे तुमाले जमते. आता मी निवांत जाते.”

मी तिच्या हाताकडे पाहत राहिलो. तिला बोलवायला म्हणून जे केलं, त्यानेच तिला बिनघोर केलं होतं. ती एकेक रताळं पुसून पिशवीत ठेवत होती.

स्टेशनवर गाडी थोडी उशिरा होती. बाकावर आमच्या मध्ये रताळ्यांची पिशवी. लोक उठायला लागले, लांबून गाडी दिसली, तेव्हा मी म्हटलं, “मले करमत नाही.”

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. रुळांकडे पाहत म्हणाली, “हे आखाडात सांगाचं होतं जी. रताळे काहून लावले?”

मी पिशवी उचलली. गाडी थांबली. मी तिला चढवलं, पिशवी दिली, ती खिडकीशी बसली. गाडी हलली तेव्हा गजाला तोंड लावून ती म्हणाली, “मलेही नाही करमत तिथं. तुमी रोज बरं हाय म्हनता, मंग मी का म्हनू?”

गाडी गेली. तिकडे नातू तिची वाट पाहत होता, ते खरंच होतं. मी गावी आलो, वाडीत जाऊन रिकाम्या वरंब्यांवर तणस परत पसरली, आणि भात लावला. तो उरला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन आला. पोचली म्हणाली. नातवाला रताळी आवडली म्हणाली. मग सवयीने विचारलं, “का करून राहिले जी?”

बसलो, हे तोंडावर आलंच होतं.

“तुह्यी वाट पाहून राहिलो,” मी म्हटलं.

पलीकडे नातू रडायला लागला. पण तिने फोन ठेवला नाही.